ढवळीचं दावं

मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी चांगलंच बोलणार आहे, कारण वाईट बोलायला काही सापडत नाही, आणि माझं दुखणं नेमकं तिथंच आहे. इतकी वर्षं एका अंगणात राहिलो, तर माणसात एखादा तरी अवगुण दिसावा की नाही? विडी नाही, दारू नाही, भाड्यासाठी कटकट नाही. एक वेड तेवढं होतं. पण त्या एका वेडापायी माझी बायको, माझी पोरगी, अख्खं नागभीड आणि शेवटी माझा व्याहीसुद्धा त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मी आपला इकडे, कोऱ्या करकरीत गाडीची किल्ली बोटावर फिरवत, एकटा.

ते आमचे घरमालक. ढोरांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले. डॉक्टर नव्हते. स्वतःच सांगायचे, "मी ढोरायचा कंपाउंडर होतो बा. डाक्टर म्हनजे वरून साहेब येत जाये." ते साहेब येत-जात राहिले आणि गाईच्या पोटातलं आडवं वासरू हेच बाहेर काढत राहिले, म्हणून गाव यांनाच डाक्टरसाहेब म्हणायचं. उंच, जरासे वाकलेले, अंगात बंडी, खांद्यावर पांढरा दुपट्टा, आणि हात असे रुंद की चहाचा कप त्यांच्या हातात दिसायचाच नाही. बायको आधीच वारलेली, मूलबाळ नाही. घराचा अर्धा भाग त्यांनी मला भाड्यानं दिला. पुढे माझं भांड्यांचं दुकान, मागे आम्ही तिघं, मी, बायको आणि मुलगी मंजू. मधे अंगण. अंगणाच्या टोकाला गोठा, आणि गोठ्यात ती.

ती म्हणजे ढवळी. पांढरी अँबॅसिडर.

मी मूळचा चंद्रपूरचा, शहरात वाढलेला. आमच्या घरी चार पायांचं म्हणून फक्त खाट होती. त्यामुळे राहायला आलो त्या संध्याकाळी जे पाहिलं त्याचा मला काही उलगडाच होईना. पोळ्याची आदली संध्याकाळ होती. आमचं सामान अजून ट्रकमधून उतरत होतं, आणि हा माणूस वाटीत हळद-तूप कालवून मोटारीच्या बॉनेटला चोळत होता. पोळ्याच्या आधी बैलाचे खांदे चोळतात ना, तसं, सावकाश, दोन्ही हातांनी. चोळून झाल्यावर पुढच्या दिव्याजवळ तोंड नेऊन म्हणाले, "आज आवतन घे ढवळे, उद्या जेवाले ये."

मी बायकोकडे पाहिलं. वाटलं, आता ही म्हणणार, दुसरं घर शोधा. ती म्हणाली, "अगं बाई, किती जीव आहे हो यांचा!" आणि ट्रकमधली आमची पितळी परात काढून तिनं त्यांच्यासमोर धरली. त्या घरात आमची पहिली वस्तू उतरली ती त्या गाडीच्या पूजेसाठी. तिथून सुरू झालं सगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साधेपणानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, स्टेशनवर माझ्या भांड्यांच्या पेट्या आल्यात. जरा गाडी काढता का?"

देवळात चपला घालून शिरल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, आज पोळा आहे."

"हो, पण ही तर मोटार..."

"वर्षातून एक दिवस. तेवढा भी तिचा नाई का?"

मग गावच्या बैलांबरोबर तीही तोरणाखाली गेली. चालवत नव्हे, त्या दिवशी तिला जुंपायचं नसतं ना! चार गडी मागून ढकलत होते आणि हे पुढे दोर धरून चालले होते. बंपरला घुंगरांची माळ, आरशांना गोंडे. मला वाटलं, लोक हसतील. एक जण हसला नाही. बायकांनी बैलांचे पाय धुतले तसे ढवळीच्या चाकांवरही पाणी घातलं. घरी पहिली पुरणपोळी बॉनेटवर गेली, दुसरी मला. मी बायकोला म्हटलं, "अगं, तिला तोंड तरी आहे का?"

"तुम्हाला आहे ना? मग जेवा," ती म्हणाली.

ती त्यांच्याकडे कशी आली ही गोष्ट ते न विचारताच सांगायचे. घरचा शेवटचा बैल म्हातारा होऊन गोठ्यातच गेला. "रिकामा कोठा पाहून झोप नाई लागे." कोठा म्हणजे गोठाच. तेवढ्यात गडचिरोलीला जुन्या गाड्यांचा लिलाव निघाला आणि हे तिकडे गेले. "लोक इंजिन पाहून राह्यले, टायर पाहून राह्यले. मी डोळे पाह्यले. साऱ्या गाड्यायमंदी हिचेच डोळे मोठे. म्हटलं, चाल बाई घरी." असा माणूस. आणि अशी घेतलेली गाडी वर्षानुवर्षं एकदाही रस्त्यात थांबली नाही! मी पंचांग बघून, चार जणांना विचारून घेतलेली स्कूटर दर पंधरा दिवसांनी मिस्त्रीकडे.

सकाळी उठले की आधी तिला पाणी, मग स्वतःला चहा. आलापल्लीच्या जंगलातून किंवा अशीच कुठून लांबून आली की बॉनेट उघडून ठेवायचे. "जरा दम घेऊ द्या." गाडी मात्र कोणाला नाही म्हणत नसत. बाळंतीण असो, परीक्षेला निघालेली पोरं असोत, मांडवाचं कापड असो, ढवळी निघालीच. पैसे घ्यायचे नाहीत. एकच नियम होता, उतरल्यावर तिच्या पाठीवर थाप मारायची. मागच्या डाव्या मडगार्डवर. सगळ्या गावाच्या तळव्यांनी तिथला रंग उडून आतला पत्रा चकाकायला लागला होता. मी कधी थाप मारली नाही. बसलो पुष्कळदा, नाइलाजानं. उतरलो की दोन्ही हात खिशात घालायचो.

एकदा तिचं इंजिन थकलं. चढावर धाप टाकायला लागली, धूर सोडायला लागली. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वरवर हळहळत म्हटलं, "डॉक्टरसाहेब, आता मोडीत घाला. नवीन घ्या एखादी, छोटी, देखणी."

"भाऊ," ते म्हणाले, "घरातलं मानूस खोकलून राह्यलं त दवाखान्यात नेता का भंगारवाल्याले बोलावता?"

आणि नागपूरला नेऊन पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवून आणलं. काम होईस्तोवर वर्कशॉपच्या बाहेर बाकड्यावर बसून राहिले म्हणे. परत आले ते चेहरा पाडून. बायकोनं विचारलं, काय झालं? "चालते मस्त, बाई. पन आवाज बदलला तिचा. मले वाटते, थे मले ओळखून नाई राह्यली." माझ्या बायकोच्या डोळ्यांना धार! मला एकदा चांगला थंडी वाजून मलेरिया झाला होता, तेव्हा ह्याच बाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

मग ओळख पटली असावी. कारण पुढे त्यांनी तिला नवीन सीटकव्हरं शिवली, मागे बसणाऱ्यांसाठी छोटा पंखा बसवला, लहान पोरांना पाय टेकायला लाकडी फळी केली. दरवर्षी तिच्या अंगावर काही तरी नवीन यायचं आणि गाडी तीच राहायची. "सुधारना करा ना, कोन नाई म्हनते? पन मानूस तेच ठेवा." हे ते माझ्याकडे बघून बोलायचे, असा मला आजही संशय आहे.

आता मंजूचं सांगतो. मला ती बाबा म्हणायची आणि त्यांना डाक्टरबाबा. म्हणजे बघा, बाप मी, आणि पदवी त्यांच्या नावाला. कॉलेजात गेली तेव्हा एक दिवस दुकानात गिऱ्हाईक मला सांगतं, "शेठ, तुमची पोरगी गाडी मस्त चालवते बा!"

"कोणती गाडी?"

"ढवळी. रोज सकाळी तलावाच्या पाळीवर."

मी स्कूटर काढून तडक पाळीवर. ढवळी संथ चाललेली, मंजू स्टिअरिंगवर, आणि हे शेजारी बसून डोळे मिटून. डोळे मिटून! मी स्कूटर आडवी घातली. "डॉक्टरसाहेब, पोरीला डोळे मिटून शिकवता?"

"मंग? आवाजावरून समजते ना भाऊ. पोरगी घाबरली का गाडी सांगते."

मंजू खिदळत होती. मला तिनं कधी म्हटलं नव्हतं, बाबा, स्कूटर शिकवा. अंगाचा असा तिळपापड झाला! घरी येऊन मी आरडाओरडा केला, पोरीच्या जातीला गाडी कशाला, तलावात गेली असती म्हणजे? बायको शांतपणे तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला तलावाची भीती नाही वाटून राहिली. दुसरंच काही तरी झोंबून राहिलं."

दुसरंच काही तरी! नवऱ्याला काय झोंबतं ते बायकोला कळतं, आणि तरी ती फुंकर घालत नाही. असा संसार.

शेवटी मी नवी गाडी घेतली. लग्नसराई चांगली गेली होती, रुखवताची भांडी खूप खपली होती. चंद्रपूरहून स्वतः चालवत आणली. लाल, छोटी, चकचकीत. सीटवरचं प्लास्टिकही काढलं नाही. अंगणात ढवळीच्या बरोबर समोर, नाकासमोर नाक येईल अशी उभी केली आणि हॉर्न वाजवला. गल्ली जमली. हे दुपट्ट्याला हात पुसत आले. गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट वर करून आत डोकावले, दार उघडून-मिटून पाहिलं, मागच्या बाजूवरून तळवा फिरवला. सांगायला लाज वाटते, पण मला त्यांच्याच तोंडून 'वा' ऐकायचं होतं. दुसऱ्या कोणाच्या नाही.

"चांगली आहे," ते म्हणाले. "कालवड आहे अजून."

कालवड म्हणजे अजून एकदाही न व्यालेली तरणी गाय. गल्ली हसून हसून लोळली. ते मात्र हसले नाहीत. मनापासून बोलले होते, तेच तर वाईट. त्या दिवसापासून माझ्या गाडीचं नाव कालवड पडलं. माझी सख्खी बायको मला विचारायची, "कालवड काढता, का ढवळीतूनच जाऊ आपण?"

मंजूला स्थळ आलं ते चामोर्शीचं. मुलगा शिक्षक, घरी धानाची शेती, माणसं चांगली. घर बघायला जायचं ठरलं. मी आदल्या दिवशीच जाहीर केलं, गाडी आपली आहे, मी नेतो. सकाळी धुवून-पुसून कालवड काढली आणि हाक मारली, तर मंजू, तिची आई, माझी बहीण, मेहुणे, सगळे ढवळीत बसून मोकळे. "हिच्यात पाय लांब करता येते रे," बहीण म्हणाली. माझ्या गाडीत मी आणि फळांच्या करंड्या. ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली, सगळा रस्ता मी ढवळीची धूळ खात मागून गेलो. पुढे तिच्या काचेतून हसणारी डोकी मागे-पुढे होताना दिसत होती. माझ्या शेजारी सफरचंदं घरंगळत होती.

चामोर्शीचा बाजाराचा दिवस होता, गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. ढवळी दारात जाऊन थांबली. मी मागे कुठे तरी गाडी लावून, डोक्यावर करंडी घेऊन गर्दीतून येईपर्यंत मुलाचे वडील पुढे झाले होते आणि डाक्टरसाहेबांना त्यांनी कडकडून मिठी मारली होती. "या व्याहीबुवा, या!" उतरलेली आमची मंडळी सवयीनं ढवळीला थाप मारत होती आणि ते पाहून तिथलेही चार लोक थोपटायला लागले होते. परगावात! दारातल्या एका म्हातारीनं मला सांगितलं, "करंडी इथी ठेव बाबू. तू डायवर होय का?"

डाक्टरसाहेबांनी लगेच माझा हात धरून पुढे ओढलं. "अजी नाई नाई! पोरीचा बाप हे होय. मी त घरमालक." सगळे हसले, मलाही मिठी मिळाली. पण ती दुसरी. आधी एकाला मारून झालेली मिठी ती, तिच्यात काय राहतं?

परतताना गडचिरोलीच्या अलीकडेच मी ठरवलं. लग्नात माझी पोरगी माझ्या गाडीतून सासरी जाईल. बाकी मांडव उडाला, आचारी पळाला तरी चालेल. दुसऱ्या दिवशी मंजूला सांगितलं. दुकानात पेले पुसत होती.

"बाबा, मी ढवळीतून जाईन."

"का? नवी गाडी आहे आपली."

"माहीत आहे ना. पन मी ढवळीतूनच जाईन."

पोरगी अशी हट्टी कोणावर गेली कोण जाणे. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. मग एकदम डोक्यात उजेड पडला. ती ढवळीतूनच जाणार असेल, तर ढवळीच माझी झाली पाहिजे! मग जाईल की नाही बापाच्या गाडीतून? मला आजही ह्यात काही चूक दिसत नाही.

त्याआधी ढवळी विकत मागायला एक राइसमिलवाले येऊन गेले होते, एक पुढारी येऊन गेले होते. सगळे हात हलवत परतले. मी गोठ्यात गेलो. ते चाकाशी बसून काही तरी आवळत होते.

"डॉक्टरसाहेब, ढवळी मला विका."

हात थांबले. "काऊन?"

"मंजूची पाठवणी बापाच्या गाडीतून व्हावी असं वाटतं." खरं तेच बोललो. खोटं सुचलं असतं तर खोटं बोललो असतो.

ते उठले. ढवळीच्या टपावर हात ठेवला. "लेकीसाठी मांगून राह्यले," ते तिला म्हणाले, मला नाही. "लेकीसाठी मांगल्यावर नाई कसं म्हनू, सांग?"

आणि खांद्यावरचा दुपट्टा काढून आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. बैलबाजारात असाच सौदा होतो. बघणाऱ्यांना भाव कळू नये म्हणून कापडाखाली बोटं दाबून बोलायचं. तिथं बघायला ढवळीशिवाय कोणी नव्हतं. त्यांनी माझी बोटं दाबली. मला काय कळणार? मी घाबरून त्यांची दाबली. "बस, झाला सौदा," म्हणाले. काय ठरलं ते नंतर तोंडानं सांगितलं तेव्हा कळलं, गाडी जवळजवळ फुकटात मिळाली होती. मला त्याचाही राग आला. माणसानं सौद्यात तरी थोडा लोभ दाखवावा!

"पन एक आहे," ते म्हणाले. किल्ली काढून त्यांनी बंडीच्या खिशात टाकली. "दावं देत नाई."

"कसलं दावं?" मी विचारलं. मग त्यांनी समजावलं. ढोर विकलं की ढोर द्यायचं, त्याचं दावं द्यायचं नाही. ज्या दोरानं ते आपल्या खुंट्याला बांधलेलं असतं, तो दोर आपल्याच घरी राहतो. दोर गेला की गोठ्याची लक्ष्मी जाते. घेणाऱ्यानं आपला दोर आणायचा. "ढवळी तुमची झाली, भाऊ. दावं माझं राह्यते. तुम्ही नवीन आना. आन हे पाहा, ज्या दिवशी तिले नेसान त्या दिवशी मले बोलावजा नोका. जुना मालक समोर दिसला का ढोर पाय नाई उचलत, मागं वळून वळून पाह्यते."

मिस्त्री बोलावून मी नवीन लॉक बसवून घेतलं. मिस्त्री म्हणाला, "जुनी किल्ली काय झाली?" मी वैतागून म्हटलं, "दावं देत नाही म्हणतात." "बरोबर आहे," तो म्हणाला आणि कामाला लागला. त्याला पटलं! त्या गावात वेडा काय तो मीच.

लग्न झालं. कागद माझ्या नावावर, किल्ली माझ्या खिशात. ढवळीला झेंडूच्या माळा मी माझ्या हातानं घातल्या. डाक्टरसाहेब सकाळपासून पंगतीत वाढत होते, "घ्या ना बाप्पा, घ्या ना" करत फिरत होते. पाठवणीची वेळ झाली. मंजू सगळ्यांच्या पाया पडली, माझ्या गळ्यात पडून खूप रडली. मीही रडलो. पण रडता रडता मनात म्हटलं, चला, जिंकलो. ती नवऱ्याबरोबर मागे बसली. मेहुण्यांनी माझी किल्ली फिरवली, ढवळी एका झटक्यात सुरू झाली.

मंजूनं काचेतून डोकं बाहेर काढलं. "डाक्टरबाबा कुठी आहे?"

सगळे इकडे-तिकडे बघायला लागले. ते कुठे आहेत ते मला चांगलं माहीत होतं. मी मेहुण्यांना म्हटलं, "उशीर होतोय. चला तुम्ही."

मंजूनं दार उघडलं आणि उतरली. नवरी, शालूसकट, अंगण ओलांडून सरळ गोठ्यात. वऱ्हाड थांबलं. मी तिच्या मागे धावलो. ते रिकाम्या खुंट्याजवळ भिंतीकडे तोंड करून बसले होते, तोंडावर दुपट्टा. मंजू खाली बसली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"जा ना वो माय," ते भिंतीलाच म्हणाले. "मी समोर आलो त थे चालन नाई."

"थे चालून राह्यली, डाक्टरबाबा," मंजू म्हणाली. "माझेच पाय नाई उचलून राह्यले."

तेव्हा ते वळले. बंडीच्या खिशात हात घातला, ती जुनी किल्ली काढली आणि तिच्या ओटीत टाकली, नारळ-तांदळांत.

माझा तोल सुटला. मागे वऱ्हाड उभं होतं, तरी मी बोललोच, "डॉक्टरसाहेब, दावं देत नाही म्हणाले होते ना तुम्ही?"

"बाहेरच्याले देत नाई, भाऊ," ते म्हणाले.

मंजू गेली. माझ्या गाडीतून, माझ्या किल्लीनं, माझ्या खर्चाच्या झेंडूखाली. आणि माझा चेहरा कसा झाला होता ते लग्नाच्या अल्बममध्ये आहे. बघवत नाही.

दोन दिवसांनी ढवळी चामोर्शीहून परत आली. बांधणार कुठे? त्याच गोठ्यात. रोज सकाळी ते दुकानाच्या पायरीशी येऊन विचारायचे, "मालक, धुऊ का जरा तुमची ढवळी?" मालक! हा शब्द त्यांनी टोचायला म्हटला असता तर मी भांडलो तरी असतो. गाव मात्र पहिल्यासारखंच 'डाक्टरसाहेबाची ढवळी' म्हणायचं. मी एकदा एकाला अडवून सांगितलं, अरे, ती माझी आहे, विकत घेतली मी. तो म्हणाला, "हो ना शेठ, माहीत आहे ना. डाक्टरसाहेबाची ढवळी तुम्ही घेतली ना."

पुढे एका हिवाळ्यात ते गेले. आजारपण नाही, कोणाला त्रास नाही. सकाळी ढवळीला पाणी देऊन ओट्यावर बसले आणि बायकोनं चहा नेला तेव्हा नव्हते. म्हणजे जातानाही बोट ठेवायला जागा ठेवली नाही. मी पुष्कळ रडलो. का रडलो विचारू नका.

कालवड मी विकून टाकली. घेणाऱ्याला दोन्ही किल्ल्या देऊन टाकल्या. तिचं दावं ठेवावं असं मनातच आलं नाही. ढवळी आहे. तिला नवीन बॅटरी घातली, दिवे जास्त उजेडाचे बसवले, पुढची सीट नव्यानं भरून घेतली. सकाळी पाणी मी देतो. दुसरं कोण देणार? आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी हळद-तूप कालवून गोठ्यात मीच जातो. पहिल्या वर्षी वाटलं, लोक हसतील. कोणी हसलं नाही. माझा हात मात्र अजून त्या मडगार्डवर जात नाही.

गेल्या पोळ्याला मंजू आली. आता तिची स्वतःची गाडी आहे, मोठी, उंच, चामोर्शीहून एकटी चालवत येते. मी गोठ्यात बॉनेट चोळत होतो. ती मागे येऊन उभी राहिली. हातात किल्ल्यांचा जुडगा. नव्या गाडीच्या किल्लीशेजारी ती जुनी, झिजलेली, दात बोथट झालेली किल्ली लोंबत होती. जगातलं एकही कुलूप आता तिनं उघडत नाही.

मी हळदीचा हात पुढे केला. "ती मला दे मंजू. गाडी इथं आहे, तिची किल्ली इथंच शोभेल."

"तुम्ही काय करान तिचं? लॉक त तुम्हीच बदललं ना, बाबा."

"तरी दे."

तिनं मूठ मिटली. "दावं देत नसते, बाबा."

मी काय बाहेरचा आहे का गं, असं अगदी ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. तिनं काही भलतंच उत्तर दिलं असतं म्हणजे? मी वळलो आणि बॉनेट चोळायला लागलो.

"हळू चोळा ना बाबा," ती मागून म्हणाली. "डाक्टरबाबा हळू चोळत."